दाराच्या आतून गाडीत शिरणारे पाणी : चुकीचे निदान व अपुऱ्या दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दाराच्या दुरुस्तीनंतर सुरू झालेली पाण्याची गळती, तिचे चुकीचे निदान आणि त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

आपल्या अधिकृत सेवा केंद्रात माझ्या गाडीच्या चालकाशेजारील दाराची काच वर-खाली करणारी मोटार बदलण्यात आली. त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, काच व्यवस्थित चालते. परंतु त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या पावसात त्या बाजूचे पायाखालचे कार्पेट भिजले आणि गाडी पुनःपुन्हा केंद्रात नेऊनही ते भिजणे थांबले नाही. प्रत्येक वेळी जॉब कार्डावर ‘गळती दुरुस्त केली’ असा शेरा मारून गाडी परत देण्यात आली. तो शेरा एकदाही खरा ठरला नाही, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

प्रथम मला सांगण्यात आले की हे एसीचे पाणी आहे. एसीचा ड्रेन पाइप तुंबला की पाणी याच जागी साचते, हे मान्य. पण तसे असते तर पाऊस नसताना एसी चालवल्यावरही कार्पेट ओले व्हायला हवे होते. माझी गाडी एसी बंद असताना, रात्रभर पावसात नुसती उभी राहून भिजत होती आणि ही गोष्ट मी गाडी देतानाच स्पष्ट सांगितली होती. हीटरमधून कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गळत असण्याची शंकाही नंतर काढण्यात आली. वास्तविक टाकीतील कुलंटची पातळी तसूभरही उतरलेली नव्हती, काचेवर चिकट थर नव्हता आणि कार्पेटमधले पाणी स्वच्छ होते. त्यानंतर दाराचे रबर बदलण्यात आले, पुढच्या काचेच्या कोपऱ्यात सिलिकॉन भरण्यात आले आणि या दोन्ही कामांचे पैसे माझ्याकडून घेण्यात आले.

सिलिकॉनबद्दल मला विशेष खेद वाटतो. पुढची काच पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने बसवलेली असते आणि सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पृष्ठभागावर ते नीट धरत नाही. उद्या ही काच काढण्याची वेळ आली, तर आज विनाकारण भरलेले सिलिकॉन नव्या जोडाच्या मजबुतीच्या आड येईल. जिथे गळती असल्याची खात्रीच केलेली नव्हती, तिथे ते भरण्याची घाई का झाली, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

केंद्रात केलेली ‘पाण्याची चाचणी’ म्हणजे वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याने एकाच वेळी सगळी गाडी भिजवणे, एवढीच होती. अशाने पाणी आत येते की नाही हे फार तर कळेल. ते कुठून येते हे कळणार नाही, कारण पाणी शिरते एका जागी आणि पत्र्याच्या कडांवरून वाहत जाऊन दिसते भलत्याच जागी. अखेरीस मी गाडी बाहेरच्या एका अनुभवी कारागिराला दाखवली. त्याने आधी दाराखालची पट्टी काढून कार्पेट उचलले, आतला भाग कोरडा केला आणि मग साध्या पाइपने, अगदी मंद धारेने, खालून वर एकेक भाग भिजवायला सुरुवात केली. प्रत्येक जागी तो थोडा वेळ थांबत होता, आणि मी आत बॅटरी घेऊन बसलो होतो. पुढच्या काचेखालच्या भागातून काहीच आले नाही, रबराच्या कडेनेही नाही. धार दाराच्या काचेवर सोडल्यावर मात्र काही वेळाने दाराच्या पॅडच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या आवरणाच्या, खालच्या कडेला एक थेंब लोंबला आणि रबराच्या आतल्या बाजूला पडला; त्याच्यामागून दुसरा आला. पाणी रबराच्या अलीकडेच उतरत असताना रबर बदलून काय साधणार होते?

पॅड काढल्यावर कारण समोरच होते. दाराच्या काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यापैकी थोडे दाराच्या पोकळीत जातेच आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. दाराची रचनाच तशी असते. ते पाणी गाडीच्या आतल्या बाजूला येऊ नये म्हणून पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पडदा ब्युटिलच्या चिकट पट्टीने चिकटवलेला असतो. माझ्या दारातील हा पडदा मोटार बदलताना सोडवलेला होता आणि जुन्याच, धूळ बसलेल्या ब्युटिलवर तसाच दाबलेला होता. खालची कड पूर्ण सुटून पॅडच्या बाजूला वळली होती, त्यामुळे पोकळीतले पाणी पन्हाळीतून यावे तसे थेट आत येत होते. कारागिराने जुना चिकटा साफ केला, नवी ब्युटिल पट्टी लावून पडदा दाबून बसवला, तळाची छिद्रे मोकळी असल्याचे पाहिले आणि पॅड बसवण्यापूर्वी पुन्हा पाणी सोडून खात्री केली. त्यानंतरच्या पावसात आत ठेवलेला कागद कोरडा राहिला आहे.

गळती थांबली, तरी नुकसान उरलेच आहे. कार्पेट वरून सुकलेले दिसत असताना त्याखालचा जाड फोम हाताने दाबला की पाणी निथळत होते. त्याला आता बुरशी लागली आहे, गाडीत कुबट वास आहे आणि काचा आतून धुरकट होतात. याहून गंभीर बाब अशी की सीटखालच्या एका वायरिंग कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढलेला आढळला. सीटबेल्ट आणि एअरबॅग यांच्या वायरी त्याच बाजूने जातात. अपघाताच्या क्षणी जिच्यावर जीव अवलंबून असतो, त्या यंत्रणेबाबत मला अंदाजावर राहायचे नाही.

म्हणून रबर व सिलिकॉनच्या कामांचे आणि बाहेरून करून घेतलेल्या दुरुस्तीचे पैसे मला परत मिळावेत, बुरशी लागलेला फोम कंपनीच्या खर्चाने बदलून द्यावा आणि काचेच्या कडेचे सिलिकॉन काळजीपूर्वक काढून द्यावे. त्या बाजूचे सर्व कनेक्टर तपासून, खराब झालेले बदलून, एअरबॅग यंत्रणेच्या तपासणीचा लेखी अहवाल द्यावा. ही मागणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. शिवाय दाराचे पॅड उघडणाऱ्या प्रत्येक कामानंतर पडदा नव्याने चिकटवून पाण्याची चाचणी घेण्याची सक्त सूचना आपल्या सर्व केंद्रांना द्यावी.

सर्व जॉब कार्डांच्या व पावत्यांच्या प्रती आणि पॅड काढल्यावर घेतलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सोडवलेली जुनी ब्युटिल पट्टीही मी जपून ठेवली आहे. आपल्या तांत्रिक प्रतिनिधीने ती व गाडी माझ्यासमक्ष पाहावी आणि या पत्राचे उत्तर मला लेखी मिळावे.

कळावे,

आपला विश्वासू,
(वाहनमालक)