डिसेंबरात लावलेला वेग मे महिन्यात टिकेल का?

मा. संपादक,

उकाडा वाढला की 'कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो' ही तक्रार दुकानांत येऊ लागते आणि खापर विंडोजवर किंवा व्हायरसवर फुटते. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला असेल तर आधी तिथे बघावे. गोव्यात हे उद्योग बहुधा थंडीत, एसीच्या खोलीत आणि व्हिडिओत पाहिलेले आकडे जसेच्या तसे भरून होतात. एकाच मॉडेलच्या दोन चिपा सारख्या निघत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे उसने घेऊन चालत नाही.

हिशेब साधा आहे. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग 5 टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज 1.20 वरून 1.32 केले, तर वीज सुमारे 27 टक्के वाढते. 125 वॅटचे जवळपास 160 होतात. कूलर ही उष्णता खोलीच्या हवेतच टाकतो. 26 अंशांच्या खोलीत 84 दाखवणारी चिप 34 अंशांच्या खोलीत किमान 92 वर जाते. पुष्कळ इंटेल प्रोसेसर 100 अंशांना आणि एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतले बरेचसे 95 अंशांना स्वतःच वेग उतरवतात. म्हणजे खटाटोप फुकट.

इंटेलमध्ये नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. बी760 मदरबोर्डवर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक (ज्याने मूळ 100 मेगाहर्ट्झला गुणून वेग ठरतो तो आकडा) नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आधी बायोस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा. त्यांतल्या काही चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतात, म्हणून इंटेलने 2024 मध्ये मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती दिली. पण एकदा झिजलेली चिप त्याने सुधारत नाही.

सुरुवातीला रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) बंद ठेवावे, नाहीतर चूक रॅमची की प्रोसेसरची ते कळत नाही. गुणक एकेकाने, म्हणजे 100 मेगाहर्ट्झने वाढवावा. चाचणीत अडखळला तरच व्होल्टेज 0.01 ते 0.02 ने वर न्यावे. 'ऑटो'वर सोडले तर बरेच बोर्ड नको तितके व्होल्टेज देतात. लोड-लाइन कॅलिब्रेशन (भार पडल्यावर व्होल्टेज घसरू न देणारी सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवावे. सगळ्यात वरच्या पायरीवर काम थांबताक्षणी व्होल्टेज उसळी घेते आणि ती उसळी साध्या सॉफ्टवेअरला दिसतही नाही. संगणक सुरूच झाला नाही तर प्लग काढून मदरबोर्डवरच्या क्लिअर-सीमॉसच्या (बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणणाऱ्या) दोन पिना काही सेकंद जोडाव्यात.

विंडोज उघडले म्हणजे स्थिर झाला, असे नव्हे. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघत प्राइम95 या प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सॉफ्टवेअरची 'स्मॉल एफएफटी' चाचणी अर्धा तास चालवावी आणि 90 च्या वर जाऊ लागले तर थांबवावी. मग रॅमसह 'ब्लेंड' रात्रभर. एक जरी वर्कर (चाचणीतले एक समांतर काम) थांबला तरी नापास. चाचणी पास झाली तरी इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाची) 19 क्रमांकाची नोंद दिसली, तर चुका होत आहेत आणि कशाबशा दुरुस्त होत आहेत असे समजावे. सगळ्यांत वाईट चूक मुकाट्याने फायलीत शिरते, म्हणून फोटो आणि हिशेबाचा बॅकअप आधी बाहेर काढावा.

रायझनवाल्यांची गंमत वेगळी. कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज कमी करणाऱ्या सेटिंगमध्ये उणे 30 टाकून प्राइम95 रात्रभर चालते आणि सकाळी नुसता ब्राउझर उघडताच संगणक रीस्टार्ट होतो. कारण हलक्या कामात एकेकटा कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्र गणक) सर्वांत वरच्या वेगाला जातो आणि कमी व्होल्टेज तिथेच तोकडे पडते. एकेक कोअर तपासणारे कोअरसायकलर हे सॉफ्टवेअर यासाठीच आहे. उणे 5, उणे 10 असे हळूहळू जावे.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. पावसाच्या तोंडावर गडगडाट आणि विजेचा लपंडाव सुरू झाला की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर 41, म्हणजे संगणक नीट बंद न होता अचानक बंद पडल्याची नोंद दिसते. ती नोंद वीज गेल्यानेही पडते आणि ओव्हरक्लॉक कोसळल्यानेही. त्यामुळे चाचणी यूपीएसवरच करावी. नेहमीचा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच झेपवतो. ग्राफिक्स कार्डासह भार पडला की तोच धाप टाकतो आणि दोष प्रोसेसरला लागतो. किनारपट्टीला खारट दमट हवेत धूळ कूलरच्या पात्यांना चिकटून बसते, ती पावसाळ्याआधी काढावी.

वेग वाढवून संगणक विकणाऱ्या दुकानदारांनी बिलावर गुणक, व्होल्टेज, घेतलेली चाचणी आणि त्या वेळचे खोलीचे तापमान लिहून द्यावे. ग्राहकानेही मे महिन्यातल्या दुपारी, एसी बंद ठेवून तीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि नापास झाल्यास गुणक एका पायरीने उतरवावा. व्होल्टेज वाढवू नये.

– संगणक दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक, म्हापसा