पावसाळ्यात डिझेलमधील पाण्याची रोज तपासणी व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या जुलैमध्ये साताऱ्यात पाऊस कोसळत असताना एका पंपावर मी माझ्या फोर बाय फोर गाडीत 40 लिटर डिझेल भरले आणि बामणोलीकडे निघालो. यवतेश्वरचा घाट चढताना गाडी गचके खाऊ लागली, डिझेल फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला आणि पुढच्याच वळणावर इंजिन बंद पडले. बाहेर धुके आणि गाडीत वृद्ध आई, म्हणून मी घाईने पाच-सहा वेळा सेल मारला. मोठे नुकसान त्यामुळेच झाले. मेकॅनिकने फिल्टरच्या तळाचे डिझेल बाटलीत काढले, तेव्हा खाली पाणी आणि वर डिझेल असे दोन थर स्पष्ट दिसले.

आजच्या डिझेल गाड्यांतील कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सर्व नोझलना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो आणि हाय प्रेशर पंपाला वंगण मिळते तेही डिझेलचेच. त्यात पाणी शिरले की आतले भाग कोरडे घासतात आणि धातूचा बारीक चुरा थेट इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत पोहोचतो. जुन्या जीपमध्ये फिल्टरचे पाणी सोडून, हातपंपाने हवा काढून गाडी रस्त्यावरच चालू करता येत असे, पण नव्या गाड्यांत एवढ्याने भागेलच असे नाही. दिवा लागताच गाडी बाजूला घेऊन बंद करावी आणि नंतर चावीसुद्धा फिरवू नये, कारण अनेक गाड्यांत चावी फिरवताच टाकीतील पंप तेच पाणी पुढे ढकलू लागतो. माझ्या गाडीची टाकी उतरवून धुतली, नळ्या साफ केल्या, फिल्टर बदलला, तरी हाय प्रेशर पंप आणि नोझल नवे घ्यावेच लागले.

पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीत झाकणाच्या फटीतून पावसाचे पाणी झिरपू शकते. ते जड असल्याने तळाशी बसते आणि टँकर रिकामा होताना ढवळले जाते. ग्राहक भेसळ तपासण्यासाठी फिल्टर पेपर मागतात, पण ती चाचणी पेट्रोलसाठी आहे. टाकीच्या तळाचे पाणी ओळखण्यासाठी मोजपट्टीच्या टोकाला लावायची, पाणी लागताच रंग बदलणारी पेस्ट असते आणि या तपासणीला काही मिनिटेच लागतात. जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येक पंपाने ती रोज सकाळी आणि टँकर उतरल्यानंतर करावी, तिची नोंद ग्राहकाला दिसेल अशी लावावी, आणि जिल्हा पुरवठा विभागाने या नोंदी अचानक भेटी देऊन तपासाव्यात.

मी पावती घेतली नव्हती, त्यामुळे पंपचालकांशी माझे बोलणे तिथेच संपले. वाहनधारकांनी दर वेळी पावती घ्यावी, शंका आल्यास काचेच्या स्वच्छ बाटलीत नमुना मागावा आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाहनधारक, सातारा