पांधण शोधून दाखवा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोर्टाचे निकाल अन् कायदे ॲप बनवणाऱ्यांना खुले करा, हा आपल्या मंगळवारच्या अंकातला लेख वाचला. आमच्याकडे पेपर अकराच्या एसटीनं येतो, म्हणून पत्राला एक दिवस उशीर. लेखात चूक काही नाही. सुप्रीम कोर्टाचे निकाल 2023 पासून ई-एससीआर या कोर्टाच्याच साइटवर फुकट पाहायला मिळतात, कोर्टं ऑनलाइन करायच्या ई-कोर्ट्स योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला 7210 कोटी मंजूर झाले, सगळं मान्य. फक्त लेखकमहाशयांना एवढंच विचारतो, तुमचं ते ॲप तहसीलदाराचा आदेश वाचेल काय? कास्तकाराचा संबंध दिल्लीपेक्षा तिथं जास्त येतो.

आमच्या वावरात जायची पांधण, म्हणजे बैलबंडीचा रस्ता, शेजाऱ्यानं ऐन पेरणीत जेसीबीनं नाली खोदून बंद केली. बंडी जाईना, खताची पोती डोक्यावर न्यावी लागली. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज टाकला. समोरचा वकील म्हणे, इथं रस्ता कधी नव्हताच! मला पक्कं आठवत होतं की याच पांधणीची केस मागे एकदा होऊन आदेश निघाला होता.

पुतण्या नागपूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, "काका, दोन मिनिटांत काढून देतो." जेवण झाल्यावर बसला. 'पांधण' टाकलं, काही नाही. 'पांदण', 'पाणंद', 'शिवरस्ता', 'गाडीवाट', काहीच नाही. आदेश साइटवर आहेत बरं का, पण उघडावा तो कागदाचा फोटो, तोही तिरपा. एकात तर गोल शिक्का नेमका गट नंबरावर बसलेला. पहिला आकडा 1 दिसतो, पुढं सगळं जांभळं. अन् दरवेळी ती वाकडीतिकडी अक्षरं भरून आपण माणूस असल्याची खात्री पटवायची. रात्री साडेबाराला पुतण्यानं लॅपटॉप मिटला.

गंमत अशी की हा आदेश बाबू कॉम्प्युटरवरच टाइप करतो. मग प्रिंट, सही, शिक्का, अन् त्या कागदाचा स्कॅन पुन्हा कॉम्प्युटरमध्ये. दळून झालेल्या पिठाचे परत गहू करायचे! एका बाबूनं मेहरबानी करून एका आदेशाची मूळ फाइल दिली. ती निघाली जुन्या फॉन्टमधली. पुतण्याकडे उघडली तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी.

शेवटी आदेश शोधला कुणी? गावच्या म्हाताऱ्या कोतवालानं. पारावर बसल्या बसल्या म्हणाला, बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली ना, त्याच्या आदल्या साली पाहा. रेकॉर्ड रूममध्ये 2016 चा बस्ता सोडला, आदेश हजर. त्यात शब्द होता 'पांदन'.

निकाल छापायला कायद्याची आडकाठी नाही. कोर्टानं मनाई केली नसेल तर कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्येच सूट आहे. मग टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा अक्षरांत), गाव, गट नंबर, कलम, तारीख असे रकाने पाडून टाकायला काय जातं? अन् ॲपवाल्या पोरांनी आधी आमचे शब्द शिकावे. वहिवाटीचे हक्क जिथं लिहिलेले असतात त्या वाजिब-उल-अर्जाला (महसूल संहिता 1966, कलम 165) ते बिर्याणीचा प्रकार समजतील.

आता आपल्याबद्दलही थोडं. आपल्या पेपरात जाहीर नोटीस मुंगीएवढ्या अक्षरात छापता, ते चष्मा लावून वाचू. पण ई-पेपरमध्ये तिचाही फोटोच! गावाचं नाव टाकून शोधलं तर वाढदिवसाच्या शुभेच्छा सापडतात, नोटीस सापडत नाही. माझ्या साळ्याची हरकतीची 15 दिवसांची मुदत अशीच गेली. तेव्हा दुसऱ्यांना डेटा खुला करा म्हणणारे लेख जरूर छापा, मीही वाचीन.

आणि एक विनंती. मागच्या पत्रात आपल्या टेबलावर माझ्या 'धुऱ्या'चा 'बांध' झाला होता. या पत्रातल्या 'पांधणी'ची कृपया 'पाणंद' करू नये. उद्या कुणी शोधायला बसलं तर सापडली पाहिजे.

आपला,
एक कास्तकार वाचक, जि. यवतमाळ