पक्या, 2018 ची फायनल बघच

प्रिय पक्या,

फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायलाच बसलो. गेले पंधरा दिवस मी रात्री रात्री जागून जुन्या निन्टेन्डोवरच्या टेट्रिसच्या मॅचेस बघतोय, 1989 चा गेम, ते वर्ल्ड चॅम्पियनशिपला अजून तोच खेळतात, दोघं शेजारी शेजारी बसून, समोर जुने डबा टीव्ही. आपला साताऱ्याच्या जिन्यातला ब्रिक गेम आठवतोय ना? तोच खेळ रे, वरून ठोकळे पडतात, ओळ भरली की गायब.

आपण ओळ भरली की खूश व्हायचो. हे लोक तसं खेळतच नाहीत. उजवीकडची एक पट्टी रिकामी ठेवायची, बाकी सगळं सपाट रचत न्यायचं आणि दांडी, म्हणजे चार घरांचा सरळ लांब ठोकळा, आली की चार ओळी एका फटक्यात, त्यालाच टेट्रिस म्हणतात. लेव्हल 18 ला एकेक करून चार ओळी काढल्या तर 3,040 पॉइंट, आणि एकदम चार काढल्या तर 22,800! म्हणून सगळे दांडीची वाट बघत बसतात, आणि या गेममध्ये ती कधी येईल याची काहीच गॅरंटी नाही, तीस तीस ठोकळे पडून जातात आणि दांडी नाही, त्याला ते दुष्काळ म्हणतात, अगदी हाच शब्द. रचलेलं वर वर चढत चाललेलं असतं आणि तरी समोरच्याचा स्कोर न बघता शांत राहायचं, हे मला तरी जमलं नसतं.

खरी गोष्ट आहे लेव्हल 29 ची. तिथे ठोकळा सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात वरून थेट तळाला येतो. बटण दाबून धरलं तर ठोकळा सेकंदाला फार तर दहा घरं सरकतो, म्हणजे दांडी कडेला पोचायच्या आतच खाली बसते. वर्षानुवर्षं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की इथे गेम संपतो. मग काहींनी बटण धरून ठेवणं सोडलं आणि अंगठा थरथरवून सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा दाबायला लागले, हायपरटॅपिंग. थॉर आकरलुंड नावाचा माणूस तसा लेव्हल 30 ला पोचला होता, पण बाकीच्यांना ते आपल्यासाठी नाही असंच वाटायचं, कारण हात भरून येतो.

जोनास न्यूबाउअर मात्र बटण धरूनच खेळायचा. 2010 ला ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून 2017 पर्यंत आठपैकी सात वेळा तोच जिंकला, फक्त 2014 ला हॅरी हाँग. त्याचं रचणं बघत राहावं असं आहे, हात घाईत नाही, चेहऱ्यावर ताण नाही, कुठे थोडं सोडायचं आणि कुठे थांबायचं हे त्याला आधीच दिसल्यासारखं.

आणि 2018 च्या फायनलला त्याच्यासमोर बसला सोळा वर्षांचा जोसेफ सेली, यूट्यूबवर मॅचेस बघून शिकलेला आणि पक्का हायपरटॅपर. पोराने 3-0 ने जिंकलं पक्या, जिंकल्यावर त्याला रडूच आवरेना, आणि जोनासने, आत्ताच ज्याचं एवढं मोठं गेलं होतं त्या माणसाने, मनापासून त्याचं अभिनंदन केलं. मी ते पाच वेळा बघितलंय.

त्यानंतर सगळं फार पटापट बदललं. 2020 च्या शेवटी चीझ नावाच्या खेळाडूने रोलिंग काढलं, म्हणजे एका हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखं वाजवायचं, त्या धक्क्याने बटण दाबलं जातं, हात भरूनही येत नाही. मग 29 ची भिंत राहिलीच नाही. डिसेंबर 2023 ला ओक्लाहोमाचा तेरा वर्षांचा विलिस गिब्सन लेव्हल 157 पर्यंत खेळला, तिथे गेमच गोठला, माणसाकडून पहिल्यांदाच. वाटेत रंगसुद्धा बिघडतात, लेव्हल 148 ला तर ठोकळे जवळजवळ काळे, काळ्या पडद्यावर. त्याच महिन्यात त्याचे वडील गेले होते आणि हा गेम त्याने त्यांना अर्पण केला. आता चॅम्पियनशिपला मॅच संपावी म्हणून लेव्हल 39 पासून वेग मुद्दाम अजून दुप्पट करतात.

जोनासला यातलं फार काही बघायला मिळालं नाही, जानेवारी 2021 ला तो अचानक गेला, 39 वर्षांचा होता. हे वाचल्यावर मला एकदम मनी आठवली.

तुला कदाचित माहीतच नसेल. त्या मे महिन्यात मनीने माझा हायस्कोर मोडला होता, ती तेव्हा चौथीत. तू पाणी प्यायला खाली गेला होतास आणि मी तिच्यासमोर मागचं झाकण उघडून बॅटऱ्या काढल्या, स्कोर शून्य झाला, आणि तू वर आल्यावर म्हणालो बॅटरी उतरली. ती काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली. तिने परत तो गेम हातात घेतल्याचं मला आठवत नाही. एवढी वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

तो ब्रिक गेम अजून माझ्याकडे आहे, परवा सेल टाकून बघितले, चालतोय, फक्त डावीकडचं बटण जरा जोरात दाबावं लागतं. दिवाळीला मनी माहेरी येणार आहे ना? तेव्हा मी साताऱ्याला येतो आणि तिला सगळं स्वतः सांगतो, तू आधी काही बोलू नकोस. फायनल मात्र त्याआधी बघून ठेव.

तुझा,
बाळ्या