करवतकाठीच्या बाहुलीविषयी मैत्रिणीस पत्र

मु. पो. मोहाडी, जि. भंडारा
दि. १८ मे

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पार्सल गेल्या मंगळवारी पोचले. खोका फाटता कामा नये, ही तुझी ताकीद मी पाळली. खालची चिकटपट्टी ब्लेडने सोडवली आणि मान, मनगट व कंबर यांत अडकवलेले प्लास्टिकचे टाके एकेक करून कापले. ही बाहुली आहे तशीच काचेच्या कपाटात ठेवावी की तिला नवे लुगडे करून द्यावे, एवढेच तू विचारले आहेस. बाहुल्यांतले तुला कळते, कपड्यातले मला. त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी चांगले ते लिहिते. चेहरा सुरेख उतरला आहे. भिंगातून पाहिले की भुवया बारीक बारीक ठिपक्यांच्या दिसतात, पण हातभर अंतरावरून नजर अगदी जिवंत वाटते. केस मुळापासून रोवलेले आहेत आणि अंबाडा घट्ट आहे. मात्र तो बसावा म्हणून इतका डिंक थापला आहे की मागून हात लावला तर वाळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा लागतो. गुडघे चांगले वाकतात. डावे मनगट ढिले आहे, त्यामुळे हातातले पूजेचे ताट सारखे कलते. बावीस सांध्यांची बार्बी तू मला दाखवली होतीस, ती मांडी घालून बसायची. हिला तेवढे जमत नाही. नऊवारीतल्या बाईला मांडी घालून बसता येऊ नये, हे जरा विचित्रच.

आता लुगड्याकडे येते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘करवतकाठी’ छापले आहे. आपल्याकडच्या ज्या कोशाच्या (टसर रेशमाच्या) साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिचेच हे नाव. आंधळगावच्या मागावर हा काठ कसा निघतो ते तू माझ्याबरोबर पाहिले आहेस: दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, असे आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, आणि काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवला जातो म्हणून करवतीचे दात उमटतात. ते विणीतच असल्यामुळे साडी उलटी केली तरी दात तसेच दिसतात. मी बाहुलीचा पदर नखाने उलटला, तर मागची बाजू पांढरीफटक निघाली. पॉलिस्टरच्या साटीनवर छपाई केली आहे, आणि एका निरीवर तर ती इतकी सरकली आहे की दात काठाच्या बाहेर, मोकळ्या अंगावर गेले आहेत. बाकी काही चालवून घेतले असते, पण नाव करवतकाठीचे लावून काठच छापायचा, हे मला पटले नाही.

शिवणकामही तसेच. निऱ्या आतून दोऱ्याने टाचल्या आहेत, पदर खांद्यावर वेगळा जोडला आहे आणि मागे कासोट्याऐवजी वेल्क्रोची पट्टी आहे, तीही इतकी खरखरीत की एकदा उघडताच साटीनचे चार धागे ओढून निघाले. तिथे दोन लहान टिचबटणे लावली असती तरी पुरले असते. धागे सुटू नयेत म्हणून घालायची ओव्हरलॉक शिलाई केवळ दिसणाऱ्या कडांना केली आहे. आतल्या कडा सुटत चालल्या आहेत.

दागिन्यांत गळ्यातली गरसोळी आणि डोरले पाहून मात्र मी चकित झाले. पुण्या-मुंबईकडच्या मंगळसूत्राच्या वाट्या न घालता ज्याने आपल्याकडचे डोरले ओतले, त्याने कोणाला तरी नीट विचारलेले असावे. नथ मात्र तू लगेच काढून ठेव. तिची तार पितळी आहे आणि थेट व्हिनाइलच्या (मऊ प्लास्टिकच्या) नाकात खोवलेली आहे. जुन्या बार्बींचे कान कर्णफुलांच्या धातूमुळे हिरवे पडतात हे तूच मला सांगितले होतेस. हिचे नाक तसे व्हायला नको. लाल चोळीखालीही पांढऱ्या कागदाचा पातळ थर घाल. आमच्याकडे सध्या पारा पंचेचाळीसच्या पुढे आहे, आणि अशा उष्म्यात गडद रंग व्हिनाइलमध्ये उतरला की धुऊनही जात नाही. पायांत जोडव्यांऐवजी सोनेरी उंच टाचांच्या सँडल का दिल्या, ते पाऊल पाहिल्यावर कळले: साचा तोच जुना, टाच उचललेल्या पावलाचा आहे, त्यामुळे सँडल काढल्या की बिचारी चवड्यांवर उभी राहते.

मी म्हटले, खऱ्या कोशाचेच लुगडे नेसवून पाहू. १९५९ साली बार्बी आली तेव्हापासून साडेअकरा इंच ही उंची या बाहुल्यांत रूढ झाली, म्हणजे माणसाच्या जवळपास सहावा भाग. त्या हिशेबाने नऊ वार लुगडे हिला चोपन्न इंच लांब आणि साधारण आठ इंच रुंद लागते. घरातला करवती काठाचा तुकडा मी तिच्या कमरेला लावून पाहिला. त्यावरचा दात अर्ध्या इंचाचा, म्हणजे माझ्या अंगावर तीन इंचांचा दात असावा तसा तो दिसू लागला. शिवाय कोसा इतका ताठ राहिला की निऱ्या खाली पडण्याऐवजी छत्रीसारख्या फुलल्या. कापड खरे असले तरी ते बाहुलीच्या मापाचे होत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. छपाई करणाऱ्याचीही हीच अडचण झाली असावी. पण मग त्याने खोक्यावर ते नाव लिहायला नको होते.

म्हणून आता मी वेगळे करून पाहते आहे. हातात मावेल इतकी मऊ मलमल घेतली आहे आणि रेशमाच्या एकेरी धाग्याने, ताणे (उभे धागे) मोजून, काठावर दात भरते आहे. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून धागा आडवा नेऊन त्याच वाटेने परत आणावा लागतो. एका संध्याकाळी जेमतेम चार बोटे काठ होतो. आतापर्यंत अकरा इंच झाला आहे, आणि दुसऱ्या बाजूचा काठ पुरता बाकी आहे.

तेव्हा मूळ लुगडे खोक्यात घडी करून ठेवावे, असे माझे मत आहे. दोन गोष्टी मात्र उलट टपाली कळव. काठ लाल ठेवू की जांभळा? आणि उभे करण्याच्या स्टँडचा चिमटा कमरेला बसतो नि निऱ्या चुरगळतात, तर तुझ्याकडे मांड्यांच्या मधून आधार देणारा दुसरा स्टँड आहे का? असेल तर कासोटा मी त्या बेताने शिवीन.

तुझी,
मोहाडीची मैत्रीण