चौकातल्या फलकावर नसलेला आकडा

संपादक महोदय,

नवले पुलाजवळ आमचं घर आहे. खिडकीच्या गजांवरची धूळ ओल्या फडक्याने निघते, पण तिच्याखालचा काळा थर निघत नाही. तो तेलकट असतो, साबण लावून घासावा लागतो. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे तो नुसता घासून गप्प बसवत नाही, एवढीच माझी अडचण.

इंधन अर्धवट जळलं की पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगं तयार होतात. त्यांतली बरीचशी सायलेन्सरमधून वाफेच्या रूपात सुटतात आणि गार होताच काजळीच्या कणांना चिकटतात. कण इतके बारीक की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. या संयुगांपैकी बेन्झो-ए-पायरीन माणसात कर्करोग घडवतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सांगते. डिझेलचा धूरही तिने २०१२ मध्ये त्याच, म्हणजे माणसात कर्करोग नक्की घडवणाऱ्या गोष्टींच्या, पहिल्या गटात घातला.

आपल्याकडे याचा नियम नाही असं नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषकं आहेत आणि त्यांत बेन्झो-ए-पायरीन आहे. मर्यादा घनमीटरला १ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश, वार्षिक सरासरी. पण २०१५ पासून आपण चौकातल्या फलकावर जो हवा गुणवत्ता निर्देशांक बघतो, त्यात आठच प्रदूषकं मोजली जातात आणि हे त्यांत नाही. पीयूसीचंही तेच. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड नि हायड्रोकार्बन, डिझेल गाडीच्या धुराची घनता, झालं प्रमाणपत्र! (ते कसं मिळतं, हा वेगळ्या पत्राचा विषय.)

हे मोजणं वेळखाऊ आहे, हे मान्य. गाळणकागदावर चोवीस तास हवा ओढायची, द्रावकात अर्क काढायचा, मग यंत्रावर तपासायचा. त्यामुळे तासातासाला आकडा द्या, असं कुणी म्हणणार नाही. पण मर्यादाच वर्षाची आहे, तर वर्षाचा आकडा तरी द्यायला काय हरकत? धूलिकण मोजायला वापरलेला गाळणकागद यासाठीही चालतो. नवले पूल, स्वारगेट, हडपसर अशा ठिकाणांची गेल्या वर्षाची सरासरी त्याच फलकावर खाली एका ओळीत लिहावी. आपल्या वार्ताहरांनी ती मागून छापली, तर अधिकच बरं.

आपली एक वाचक,
वडगाव बुद्रुक, पुणे