गुन्हा रद्द, पण नोंद कायम

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या वाड्यावरचा एक बाप रात्री साडेनऊला माझ्या सोप्यावर येऊन बसला. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा फुटबॉलच्या मैदानावर झालेल्या मारामारीत सापडला होता. आठ जणांबरोबर त्याचेही नाव एफआयआरमध्ये आले आहे. मुलाला आयटीआय संपवून बोटीवर जायचे आहे. बापाने चहाला हातही लावला नाही. एवढेच विचारले, "नाव काढता येते ना रे? तुझे काढले होते ना?"

याचे उत्तर हो आणि नाही असे दोन्ही आहे. ते कळायला मला अकरा वर्षे आणि एक वकीलबाई लागल्या. त्याला सोप्यावर बसून जे सांगितले तेच इथे लिहितो, कारण आमच्या गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, साखळी भागात असे बाप बरेच आहेत.

२०११ चा मे महिना. पाऊस यायच्या आत खाणीतला माल जेटीवर पोचवायची घाई. मी तेवीस वर्षांचा, वडिलांच्या नावावरचा टिपर ट्रक चालवायचो. रांगेत कुणाचा टिपर आधी, यावरून एका वयस्कर टिपरमालकाशी आमचे वाजले. आम्ही सात जण, तो आणि त्याचा क्लीनर असे दोघे. शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली, त्याचा शर्ट फाटला, खांदा सुजला. धक्का मी दिला होता, ते आजही नाकारत नाही. त्याने तक्रार दिली. कलमे लागली १४३, १४७, ३२३, ३४१ आणि ५०४. बेकायदा जमाव, दंगल, साधी दुखापत, वाट अडवणे, शिवीगाळ. सात जण होतो म्हणून 'दंगल'. चौघेच असतो तर ती दोन कलमे लागलीच नसती, कारण बेकायदा जमावाला निदान पाच माणसे लागतात. हे मला फार उशिरा कळले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये खाणी बंद पडल्या. रांग गेली, जेटी ओस पडली, टिपर दारात उभा राहून गंजला. ज्यावरून भांडलो ते काहीच शिल्लक राहिले नाही. खटला तेवढा राहिला. दर दोन-तीन महिन्यांनी तारीख. कधी साक्षीदार नाही, कधी तपास केलेला हवालदार बदलून गेलेला, कधी साहेबच रजेवर. फिर्यादी दादा आणि आम्ही कोर्टासमोरच्या हॉटेलात एकाच टेबलावर पातळभाजी-पाव खायचो, बिल तोच द्यायचा. आमच्यातला एक २०१६ मध्ये अपघातात गेला. चवथीला दादा त्याच्या घरी गेला तेव्हा त्याच्या आईने विचारले, "तें अजून चलता?" दादाकडे उत्तर नव्हते.

२०२२ च्या जानेवारीत मला कुवेतला ड्रायव्हरची नोकरी लागत होती. तिकडे पोलीस क्लिअरन्स, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, पीसीसी लागते. पासपोर्ट सेवा केंद्रात ५०० रुपये भरून अर्ज केला. पोलिसांचा अहवाल आला, खटला प्रलंबित. पीसीसी अडकली.

तेव्हा पहिला भेटला तो 'एजंट'. पंधरा हजारांत पोलिसांच्या संगणकातून नाव उडवतो म्हणाला. खोटे कशाला सांगू, मी दहा हजार जमवलेही होते. बायकोने पैसे कपाटात घालून चावी स्वतःकडे ठेवली आणि म्हापशातल्या एका वकीलबाईंचा नंबर आणला.

बाईंनी कागद वाचले आणि म्हणाल्या, "तुम्हाला शिक्षाच झालेली नाही. पुसायचे काय? आधी हे संपवायचे." मग एक गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन वहीत लिहून ठेवली. आपल्याकडे सज्ञान माणसाचा गुन्हेगारी इतिहास काही वर्षांनी पुसला जाईल असा सरसकट कायदाच नाही. अठराच्या आतल्या मुलाला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या २४व्या कलमानुसार, काही अपवाद सोडले तर, त्याच्या दोषसिद्धीच्या नोंदी ठराविक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. मोठ्यांसाठी १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. छोट्या गुन्ह्यात न्यायाधीशांनी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण कागद तसाच राहतो. इंग्लंडमध्ये स्विंडनला असलेला माझा चुलतभाऊ हे ऐकून हसला. तिकडे १९७४ पासून कायदा आहे, छोटी शिक्षा काही वर्षांनी बहुतेक कामांसाठी सांगावीच लागत नाही.

माझ्यासाठी वाट एकच होती, उच्च न्यायालय. शिवीगाळ, साधी दुखापत आणि वाट अडवणे या कलमांत दोन्ही बाजू खालच्या कोर्टातच मिटवू शकतात. १४३ आणि १४७ मिटवता येत नाहीत, कारण तो गुन्हा दादाविरुद्ध नाही, सार्वजनिक शांततेविरुद्ध. मात्र फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली उच्च न्यायालय एफआयआर रद्द करू शकते, आणि २०१२ मध्ये ग्यान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की वैयक्तिक स्वरूपाच्या भांडणात तडजोड झाली असेल तर खटला चालू ठेवण्यात अर्थ नाही. खून, बलात्कार, दरोडा यांना ही सवलत नाही, आणि नसावीच. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यात हेच कलम ५२८ झाले आहे. वाड्यावरच्या मुलाला ते लागेल.

दादाचे प्रतिज्ञापत्र, आम्हा सहा जणांच्या सह्या, बहारीनमधल्या एकाची सही भारतीय दूतावासातून. एवढ्यात तीन महिने गेले. बाईंनी पंचवीस हजार घेतले, दोन हप्त्यांत. जूनमध्ये भर पावसात आम्ही कदंबाच्या बसने पर्वरीला उच्च न्यायालयात गेलो. नव्या इमारतीत दादाने चप्पल बाहेर काढायची की नाही म्हणून शिपायाला विचारले. न्यायमूर्तींनी त्याला विचारले, कुणाचा दबाव आहे का? दादा कोकणीत म्हणाला, "आमी आतां एकाच पंगतीक जेवतात." सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. एका बालसंस्थेला बारा हजार रुपये भरायला सांगून एफआयआर आणि आरोपपत्र रद्द झाले. अकरा वर्षे चाललेले प्रकरण दहा मिनिटांत संपले. दादाने बाहेर येऊन विडी पेटवली आणि म्हणाला, "हे आधी कुणी सांगितले का नाही रे?"

हा प्रश्न मी सरकारला विचारतो. एवढ्या तारखांना एकाही माणसाने आम्हाला सांगितले नाही की तुम्ही मिटवले आहे तर अर्ज करा.

आता माझी खरी तक्रार. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन मी ऑगस्टमध्ये पुन्हा पीसीसीसाठी अर्ज केला. पुन्हा तोच शेरा, खटला प्रलंबित. न्यायालयाचा आदेश पर्वरीत, पोलिसांचा संगणक डिचोली तालुक्यात, मध्ये वीसेक किलोमीटर रस्ता आणि तो आदेश तिथवर नेणारे कुणीच नाही. ठाण्यावर गेलो तर "वरून पत्र येऊ दे". वर गेलो तर "ठाण्याकडून अहवाल येऊ दे". शेवटी बाईंनी आदेशाच्या प्रती जोडून ठाण्याला आणि अधीक्षक कार्यालयाला लेखी पत्र द्यायला लावले, आवकचा शिक्का घ्यायला लावला, आणि महिनाभराने माहिती अधिकारात विचारले की या पत्रावर काय केले. त्या अर्जानंतर नोंद सुधारली. तिसऱ्या खेपेला पीसीसी स्वच्छ आली, डिसेंबर संपता संपता. कुवेतवाल्यांनी सप्टेंबरातच दुसरा ड्रायव्हर नेला होता.

मी आता एका शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, चालवतो. तिथल्या अर्जात प्रश्न होता, पूर्वी कधी गुन्हा नोंद झाला होता का? बाईंनी बजावले होते, "नाही" लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालाप्रमाणे लपवणे हेच नोकरी जायचे कारण होऊ शकते. मी "होय, रद्द झाला" असे लिहून आदेश जोडला. मुख्याध्यापकांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि कामावर घेतले. सगळेच तसे करतील असे नाही. आणि चालकांची तपासणी सैल करा असे तर मी मुळीच म्हणत नाही. माझीही मुलगी त्याच बसमध्ये बसते. मुलांना त्रास दिलेल्या माणसाची नोंद कधीच पुसू नये. पण रांगेवरून झालेली धक्काबुक्की आणि तसला गुन्हा एकाच शेऱ्यात कसा बसतो?

माझे मागणे फार नाही. उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द केला किंवा खालच्या कोर्टाने निर्दोष सोडले, तर तो आदेश कोर्टाच्या संगणकातून थेट पोलिसांच्या संगणकात जावा, आरोपीच्या खिशातून नव्हे. नोंद किती दिवसांत सुधारायची, याची मुदत पोलीस खात्याने परिपत्रक काढून ठरवावी. आणि मिटण्याजोग्या भांडणात दोन्ही बाजूंना कायद्याने काय करता येते, ते पहिल्या तारखेलाच त्यांच्या भाषेत सांगावे.

एक गंमत राहिली. माझ्यावरचा खटला रद्द झाल्याचा आदेश इंटरनेटवर आहे. माझे नाव टाकले की तो सर्वात आधी येतो आणि पहिल्या ओळीत 'आरोपी' दिसतो. दुसरी ओळ किती जण वाचतात, देव जाणे. म्हणून खाली नाव न छापण्याची विनंती केली आहे.

वाड्यावरच्या त्या बापाला मी बाईंचा नंबर दिला. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० या नंबरवर फोन कर, असेही सांगितले. मुलाला मात्र म्हटले की आधी ज्याला मारलेस त्याच्या घरी जाऊन ये. तो अजून गेलेला नाही.

आपला,
एक बालरथ चालक, डिचोली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)